गाडीखालचा हंगाम

क्रांती चौकात सीताफळांच्या हातगाड्या लागल्या की माझी पावलं अजूनही आपोआप मंदावतात. लोक आपले मजेत वाकून फळं चाचपत असतात. गाडीवाला म्हणतो, "डोळे उघडलेत बघा ताई, आजच खाऊन टाका." सीताफळ पिकायला आलं की त्याच्या खवल्यांमधल्या फटी रुंद होतात, पांढुरक्या दिसायला लागतात. त्यालाच आमच्याकडं डोळे उघडले म्हणतात. डोळे उघडलेलं फळ कुणासाठी थांबत नाही. आज गच्च, उद्या मऊ, परवा सालीसकट हातात विरघळतं. मी दोन-चार फळं घेते, रिक्षात बसते, आणि बऱ्याच वेळानं ध्यानात येतं की पिशवीचे बंद मी मुठीत गच्च आवळून धरलेत.

पाऊस मागं सरलेला असतो. आभाळ धुतल्यासारखं. दिवाळीची सुट्टी लागते आणि इतरांना त्या दिवसांचे फराळाचे वास आठवतात. मला जुन्या इंजिन ऑइलचा वास आठवतो. जरा जळका, जरा गोडसर, हात कितीही वेळा धुतले तरी नखांत राहणारा. त्यावर कुठून तरी ओल्या पानांचा वास येऊन बसतो, आणि मग त्या सबंध हंगामाची धास्ती जशीच्या तशी परत येते. इतकी वर्षं झाली, पण धास्तीला काही वय होत नाही.

आम्ही तेव्हा हर्सूलला राहायचो. मी तिथल्या प्राथमिक शाळेत शिकवायची आणि माझे मिस्टर, अंबादास, स्वतःची पिकअप चालवायचे. (इथं लिहिताना नाव घेते आहे. समोर असले की अजून 'अहो'च.) चार सिलिंडरची डिझेल गाडी, पुढून पांढरी, मागचा हौदा निळा. भाजी, फळं, कुणाचं घरसामान, जे मिळेल ते त्यांनी त्या गाडीनं वाहिलं. बाकी कामं गॅरेजवाल्याकडं, पण ऑइल ते स्वतःच बदलायचे. एकदा कुणीतरी इंजिनाच्या खालचा, ऑइल सोडायचा बोल्ट भलताच आवळून ठेवला होता, त्याचे आटे गेले, आणि सिल्लोडच्या रस्त्यावर सगळं ऑइल गळून गेलं होतं. समोरचा ऑइलचा लाल दिवा वेळेवर दिसला म्हणून इंजिन वाचलं. तेव्हापासून त्या बोल्टला त्यांच्याशिवाय कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे.

त्या वर्षी दसरा झाला आणि अंबादासनी गाडीची काच पुसायला सुरुवात केली. सिग्नलला थांबले की फडकं काढायचे. घरी आले की बादलीभर पाणी मारायचे. "काचंला काय लागलंय कळंना. काळं काळं उडायलंय," म्हणायचे. मी बघितलं, काच लख्ख होती. त्यांनी वायपरची रबरं बदलली. काही दिवसांनी म्हणाले, उजव्या बाजूनं कुणीतरी पडदा ओढायलंय असं वाटतं. तेव्हा कुठं आम्हाला कळलं की घाण काचेवर नव्हती, त्यांच्या उजव्या डोळ्यात होती. तोवर त्या डोळ्यानं ते किती माल वाहून आले होते, किती ट्रकांना बाजू देऊन आले होते, याचा मी आजही विचार करत नाही. विचार आला की उठून काहीतरी काम काढते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या. म्हणाल्या, डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय. तो पुन्हा बसवून आत हवेचा बुडबुडा सोडायचा. बुडबुडा नेहमी वर चढतो आणि पडदा असतो डोळ्याच्या मागच्या भिंतीला. "म्हणून यांनी सतत तोंड खाली करून राहायचं. म्हणजे बुडबुडा मागं जाऊन पडद्याला दाबून धरेल. जेवताना, झोपताना, सगळं पालथं. उताणं तर अजिबात व्हायचं नाही." मी विचारलं, किती दिवस? त्या म्हणाल्या, "पंधरवडा तरी." मग मी विचारलं, दिसेल ना? त्यांनी शाई संपलीय का बघावं तसं पेन दोनदा हलवलं आणि म्हणाल्या, "पडदा चिकटू दे आधी."

ऑपरेशन झालं, उजव्या डोळ्यावर पट्टी बसली. माणसाला पालथं ठेवणं किती अवघड असतं, हे तोवर मला माहीत नव्हतं. आपण दिवसभरात किती वेळा मान वर करतो! कुणी हाक मारली की, पाखरू ओरडलं की, दारात सावली पडली की. अंबादासची थोरली बहीण, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, फुलंब्रीजवळच्या खेड्यातून मदतीला आल्या. त्यांनीच युक्ती काढली. नवारीची जुनी बाज होती, तिच्या डोक्याकडच्या तीन-चार पट्ट्या सोडल्या आणि तोंड बसेल एवढी खिडकी केली. कडेनं जुन्या लुगड्याची चुंबळ बांधली. अंबादास त्यात तोंड घालून पडायचे. खाली फरशीवर आम्ही चहाचा पेला ठेवायचो आणि ते नळीनं चहा प्यायचे. बाज ओसरीत, कारण त्यांना आत कोंडल्यासारखं व्हायचं. ओसरीला लागून अंगण, आणि अंगणात पिकअप.

चांगल्या डोळ्याला दिसायची ती फरशी. मुंग्या. आमची पावलं. दोन-तीन दिवसांत ते पावलांवरून माणसं ओळखायला लागले. शेजारची शमीमआपा आली की चप्पल काढायच्या आधीच म्हणायचे, "आवो आपा." आम्ही हसायचो. रात्री मात्र मला झोप लागायची नाही. झोपेत ते कूस बदलतील म्हणून मी त्यांच्या सदऱ्याचं टोक माझ्या मनगटाला बांधून घ्यायची. सुट्टी लागली होती, सकाळी शाळा नव्हती, एवढंच बरं होतं.

आणि बाहेर सीताफळं डोळे उघडत होती.

फुलंब्रीचे जाकेरभाई डोंगराकडच्या बागा करायला घ्यायचे. त्यांची सीताफळं दरवर्षी आमच्याच गाडीनं शहरातल्या बाजारात यायची. तेवढा एक हंगाम अंबादासच्या वर्षाचा कणा होता. जाकेरभाई बघायला आले, फरशीवर मांडी घालून बसले, वाकून बाजेखालून अंबादासच्या तोंडाकडं बघत बोलले. आपलं माणूस म्हणून बोलले, पण काळजी लपत नव्हती.

"तू आराम कर भाई. फळाचं क्या है, दुसरी गाडी बघतो मैं. बस, एकदा दुसऱ्याची सवय लगी तो… तू समज."

"दुसरी गाडी नको," अंबादास जमिनीकडं बघत म्हणाले. "मंदा चालविते गाडी."

ते खरं होतं. हर्सूल तलावाच्या अलीकडच्या माळावर त्यांनीच मला शिकवली होती. परवाना होता, गावी जाता-येता मी चालवतही होते. पण ते रिकाम्या गाडीनं आणि शेजारी ते बसलेले असताना. जाकेरभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. कशी हलवली देव जाणे.

ते गेले आणि अंबादासना ऑइलनं घेरलं. आता ऑइल बदलायचं राहून गेलंय, हेच त्यांच्या डोक्यात. हंगामाच्या आधी ते दरवर्षी बदलायचे, यंदा काच पुसण्यात राहून गेलं. डबा आणलेला होता, फिल्टर आणलेला होता. दोन्ही ओसरीच्या कोपऱ्यात दिसतील असे. "जुन्या ऑइलवर भरलेली गाडी घाटात घालायची नाय. लई गरम होतंय इंजिन." मी म्हटलं, गॅरेजवाल्याला बोलवू. तर तो दिवाळीला गावाला गेलेला. म्हटलं, दुसरा बघू. तर त्यावर नुसताच नवार दाताखाली धरल्यासारखा आवाज.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी औषधाच्या दुकानातून परत आले, तर बाज रिकामी होती.

चुंबळ तशीच. पेला तसाच. अक्का मागं धुणं धूत होत्या. आणि गाडीच्या पुढच्या चाकाजवळ गोणपाट अंथरून अंबादास बसले होते. एक हात बंपरवर, दुसऱ्यात पाना. गाडीखाली जायला माणूस उताणाच होतो. ते मागं रेलायलाच लागले होते.

मी किंचाळले. काय किंचाळले आठवत नाही. हातातली औषधाची बाटली पडली, पण प्लास्टिकची होती म्हणून फुटली नाही. मी त्यांच्या मानेला धरलं आणि खाली दाबलं, जशी एखाद्या अंगावर आलेल्या बैलाची शिंगं खाली दाबावीत. ते तसेच गुडघ्यावर, डोकं खाली.

"काय करायलात तुम्ही? काय करायलात?"

"पाच मिंटाचं काम व्हतं गं…"

"पाच मिनिटात डोळा गेला असता!"

त्यांची पाठ हलत होती. मला आधी वाटलं, धाप लागलीय. मग कळलं की रडतायत. मी लग्नानंतर त्यांना रडताना बघितलं नव्हतं. आणि आताही बघत नव्हते, कारण तोंड जमिनीकडं होतं. मातीवर दोन-तीन थेंब पडले, एवढंच दिसलं. मला भीती वाटली ती त्या रडण्याची नाही. डोळ्यातून पाणी आलेलं चालतं का, हे डॉक्टरीणबाईंना विचारायचं राहिलं होतं.

मी त्यांना बाजेवर नेऊन पालथं घातलं आणि म्हटलं, "मी बदलते ऑइल. तुम्ही सांगा. पण डोकं उचललं तर मी ती गाडी आजच विकते."

अक्का हात पुसत बाहेर आल्या. "आगं माय! बायामाणसानं गाडीखाली शिरायचं व्हय?"

"मग कुणी शिरायचं अक्का? तुम्ही शिरता का?"

अक्का बाजेच्या डोक्याशी जाऊन बसल्या.

आजही मला ते सगळं अगदी सावकाश आठवतं, जणू पाण्याखाली घडत होतं. मी जुना सलवार-कमीज घातला, केसांना फडकं बांधलं. मागच्या चाकांना दगड लावले. इंजिन थोडा वेळ चालू केलं, कारण गार ऑइल जाड असतं, नीट उतरत नाही. मग बंद केलं, घमेलं घेतलं, गोणपाटावर पाठ टेकवून खाली सरकले.

गाडीच्या पोटाखाली एक वेगळंच जग असतं. वर सगळं काळं, तेलकट, धुळीनं माखलेलं. सुकलेला चिखल, कुठल्याशा शेतातलं गवताचं पातं अडकून बसलेलं. गरम लोखंडाचा वास. छातीवर दोन वितींवर सबंध गाडी. माझ्या मनात आलं, दगड सरकला तर? मग मनात आलं, आपण दगड नीट लावलेत का? मग आणखी एक, की आपल्याला काही झालं तर यांना डोकं खाली ठेवायला कोण सांगेल? धास्ती अशीच एकीतून दुसरी निघते, कांद्याच्या पापुद्र्यासारखी.

"सापडला का बोल्ट?" ओसरीतून आवाज आला. जमिनीकडं बोलत असल्यामुळं तो घुमून यायचा.

"सापडला."

"पाना बसला?"

"बसला."

"मग फिरव. डाव्या अंगाला."

मी जोर लावला. बोल्ट हलेना. आणखी जोर लावला. कचकन आवाज झाला.

"थांब! थांब!" ते आवाजावरून ओळखून ओरडले. "उलटं फिरवायलीस! आवळायलीस त्याला!"

मी थिजले. खाली पडल्यावर डावं-उजवं कुठलं, हे माझ्या डोक्यातून पार गेलं होतं. शाळेत मी मुलांना हात वर करायला लावून डावं-उजवं शिकवायची! आटे गेले असतील का? सिल्लोडच्या रस्त्यावरची गोष्ट मला पाठ होती.

"गेले का आटे?" मी विचारलं.

ओसरीतून ते म्हणाले, "नाय. आटे गेल्यावर असा आवाज येत नाय. मोकळा फिरतो बोल्ट. घाबरू नकू. पाना काढ, परत बसव, आता आपल्या पायाकडून डोक्याकडं ओढ."

मी ओढला. बोल्ट सुटला. हातानं सैल करत गेले आणि अचानक ऑइल आलं, मनगटावरून कोपरापर्यंत. गरम होतं, पण भाजण्याइतकं नाही. काकवीसारखी काळी धार घमेल्यात पडायला लागली. मी बोल्ट मुठीत घट्ट धरून तशीच पडून राहिले. धार बारीक झाली, मग थेंब. ओसरीत अंबादास तो आवाज ऐकत होते. "अजून थांब," म्हणत होते, "अजून थांब. सगळं जाऊ दे." बोलता-बोलता त्यांच्या आवाजातली तडफड कमी झाली होती. मला वाटतं, त्या पंधरवड्यात पहिल्यांदा ते नीट श्वास घेत होते.

बोल्ट परत लावला, आधी हातानं, मग पान्यानं, बेतानं. मग फिल्टर. तो डब्यासारखा असतो, हातानं पिळून काढायचा. हात घसरायला लागले तेव्हा टॉवेल गुंडाळून काढला. नव्याच्या रबरी कडीला बोटानं ऑइल लावलं आणि बसवला. वरून नरसाळ्यानं नवं ऑइल ओतलं. सोनेरी, स्वच्छ. ऑइल मोजायची पट्टी आत घालून बघितली, वरच्या खुणेच्या जरा खाली. सगळं इतकं नीट झालं की मला हसू यायला लागलं होतं.

"चालू कर," अंबादास म्हणाले. "लाल दिवा विझला पायजे."

मी वर चढून किल्ली फिरवली. इंजिन लागलं. लाल दिवा… पेटलेला. पेटलेलाच. मी श्वास धरून ठेवला. विझला.

"विझला!"

"आता जराशी रेस दे."

मी पाय दाबला. आणि खालून एकदम फवारल्यासारखा आवाज आला. सीटवरून मला काहीच दिसत नव्हतं, पण ओसरी समोरच होती. मी बघितलं की अंबादासची मान वर यायला लागली आहे. खांदे उचलले, दोन्ही हात बाजेच्या कडेवर.

"बंद कर! बंद कर, ऑइल चाललं!"

मी किल्ली फिरवली आणि वर्गात ओरडते तशी ओरडले, "डोकं खाली!"

ते ऐकणार नव्हते. मला दिसत होतं, ते ऐकणार नव्हते. पण अक्का उठल्या, आणि दोन्ही तळहात भावाच्या मानेवर ठेवून आपलं सगळं वजन टाकलं. "पड," त्या म्हणाल्या. "पड म्हणते ना! ऑइल जाऊ दे मसणात." आणि त्या तशाच बसून राहिल्या, एखादं झाकण उडू नये म्हणून दाबून धरावं तशा.

गाडीखाली नवं ऑइल मातीत पसरत होतं. मला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. वेळच नव्हता.

"कुठून आलं?" चुंबळीतून दबलेला आवाज आला. "बोल्टातून का फिल्टरातून?"

मी वाकून बघितलं. "फिल्टरच्या बाजूनं."

ते म्हणाले, "फिल्टर काढ. इंजिनाच्या तोंडावरून बोट फिरव. जुन्याचं रबर तिथंच चिकटलं आसंल."

मी बोट फिरवलं. होतं. काळी, बारीक, लोखंडाशी एकजीव झालेली कडी. एकावर एक दोन रबरं बसली होती. नखानं उकरून काढली. फिल्टर परत बसवला, डब्यात उरलेलं ऑइल ओतलं, परत चालू केली. दिवा विझला. रेस दिली. खाली उतरले, पोटावर पडून बघितलं. कोरडं. परत वर, परत रेस, परत खाली. कोरडं. मी असं किती वेळा केलं कोण जाणे. शेवटी अक्काच म्हणाल्या, "बास कर आता पोरी. गळायचं आसतं तर गळलं आसतं."

दुसऱ्या दिवशी दिवस उगवताना मी फुलंब्रीला निघाले. रस्त्यात माझी एक नजर पुढं आणि एक लाल दिव्याच्या जागी. तो दिवा पेटलेला नसतानाही मला दिसायचा. वाटेत दोनदा बाजूला घेऊन गाडीखाली वाकून पाहिलं. दूधवाले मोटारसायकलीवरून वळून-वळून बघत गेले. जाकेरभाईंच्या बागेच्या कडेला सीताफळांनी भरलेल्या पाट्या लावून ठेवलेल्या होत्या, वर ओली पानं झाकलेली. मी उतरले ती थेट गाडीखाली वाकले.

"क्या देख रई भाभी?"

"ऑइल गळतंय का बघते."

जाकेरभाई माझ्या शेजारी वाकले, त्यांनीही बघितलं. "नक्को डरो," म्हणाले. "कायबी नाय." मग जरा थांबून, "अंबादासला बोलो, गाडी हमारीच है. दुसरी बुलाया नहीं मैंने."

भरलेली गाडी चालवताना ती आपलं ऐकते आहे की आपण तिचं, कळत नाही. ब्रेक उशिरा लागतो. वळणावर मागून कुणीतरी ढकलतं. पिकायला आलेली फळं प्रत्येक खड्ड्यात एकमेकांवर दबत होती आणि मला वाटत होतं, तो हौदा नाही, माझ्याच अंगावरची कातडी आहे. जाधववाडीच्या बाजारात पाट्या उतरवल्या तेव्हा ऊन चढलं होतं. घरी आले, बाजेशी गेले, आणि काही बोलायच्या आत अंबादास माझ्या पावलांकडं बघत म्हणाले, "चप्पल तुटली का?" क्लच दाबून-दाबून डाव्या चपलेचा अंगठा तुटला होता. मला कळलंही नव्हतं.

तो सगळा हंगाम मी तशी गेले आणि आले. दरवेळी मला वाटायचं, आता धास्ती सवयीची होईल. झाली नाही. फक्त तिच्यासकट गाडी चालवायची सवय झाली. आज विचार करते तेव्हा वाटतं, धीर म्हणजे वेगळं काही नसावं. निदान माझ्या वाट्याला तरी वेगळा धीर आला नाही.

डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा त्या डोळ्याला नुसता उजेड कळत होता. मग बुडबुडा विरायला लागला. अंबादास रोज सकाळी सांगायचे, "वरून थोडं थोडं उजाडायलंय." नजरेच्या आत एक हलती रेघ होती, भांड्यातल्या पाण्याच्या काठासारखी. ती रोज थोडी खाली सरकायची. रेघेच्या वर अंगण, निंब, आमची तोंडं. रेघ जाऊन-जाऊन शेवटी एक थेंब राहिला, आणि एक दिवस तोही नव्हता. पडदा चिकटला होता. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा मोकळं हसल्या. पण त्या डोळ्याला विजेचा खांब वाकडा दिसायचा, दाराची चौकट मधे आत गेलेली दिसायची. ते तसंच राहणार, त्यांनी सांगितलं. गाडी चालवायचं तर सोडूनच द्या.

पुढं आम्ही एक ड्रायव्हर ठेवला. अंबादास बाजारात थांबून मालाचं बघायला लागले, आणि सुट्ट्यांमध्ये गाडी माझ्याकडं. ते दिवस तसे बरेच गेले. आज ते घरात असतात, एका डोळ्यानं पेपर वाचतात. दुसरा डोळा चांगला आहे. तरी ते चष्म्याची काच पुसायला लागले की मी हातातलं काम ठेवते. "काय झालं?" "काय नाय. वाफ आलीय." मग मी पुन्हा कामाला लागते, पण अर्धं लक्ष तिकडंच.

पण मला सांगायची आहे ती त्याच हिवाळ्यातली, संक्रांतीच्या आधीची दुपार. बुडबुडा गेला होता, आता कसंही झोपायची मुभा होती. ऑइल बदलायची वेळ परत आली होती. अंबादासनी काही न विचारता गोणपाट घेतलं, घमेलं घेतलं, पाना घेतला आणि गाडीखाली सरकले. मी ओसरीत तूर निवडत बसले होते. मला आनंद झाला होता. त्यांची चप्पल घातलेली पावलं तेवढी बाहेर दिसत होती.

मग आवाज आला. लोखंडावर लोखंड, पण चुकलेला. टण्ण. थोड्या वेळानं परत, जरा बाजूला. परत. पाना बोल्टवर बसण्याचा आवाज आता मला माहीत होता, आणि हा तो नव्हता. मी सूप खाली ठेवलं. हाक मारली नाही. परत टण्ण झालं आणि मग काहीच नाही.

मी जाऊन त्यांच्या शेजारी खाली सरकले. ते उताणे पडले होते, पाना छातीवर. माझ्याकडं न बघता म्हणाले, "बोल्ट दिसतोय गं. पण हात त्याच्याजवळ जायलाय आन् तो तिथं नसतोय."

मी त्यांचं मनगट धरलं, वर नेलं, आणि पाना बोल्टवर बसवला.

"बसला?"

"बसला."

मी हात काढून घेतला. त्यांनी फिरवला. एका झटक्यात सुटला. मग बोटांनी सैल करत नेला आणि काळी धार आमच्या दोघांच्या मधोमध घमेल्यात पडायला लागली. बाहेर कुठंतरी पोरं पतंगासाठी ओरडत होती. आम्ही त्या अरुंद जागेत खांद्याला खांदा लावून वर बघत पडलो होतो.

"मंदा," ते म्हणाले, "मला लई भ्या वाटतंय."

"कशाचं?"

"दुसऱ्या डोळ्याचं."

इतके दिवस आम्ही दोघंही हा शब्द घरात कुठं सांडू नये म्हणून जपून चालत होतो. मी म्हणणार होते, काही होत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्यात ना. तोंडावर आलं होतं. पण तिथं, त्या गाडीच्या पोटाखाली, मला ते म्हणता आलं नाही.

"मला पण," मी म्हटलं.

त्यांनी तेलकट हातानं माझा हात धरला. ऑइल गळून गेलं होतं, शेवटचा थेंबही केव्हाच पडून गेला होता, तरी आम्ही दोघं तसेच पडून राहिलो.